पिवळ्या इंजेक्शनचे 21 दिवस

वस्तू: लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, बुरशीवरचं इंजेक्शन, 50 मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे छोटी कुपी. घेणारा माझा थोरला भाऊ. लिहिणारा मी, गोव्यातल्या सावईवेऱ्याचा कुळागरवाला, म्हणजे पोफळीची बाग राखणारा, शिक्षण बारावी. हे डॉक्टरी ज्ञान नव्हे. एकवीस दुपारी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून जे पाहिलं ते लिहितो.

बुरशीशी आमचं वैर पिढीजात. मिरगाच्या आधी पोफळींवर बोर्डो मारायचा: किलोभर मोरचूद, किलोभर चुना, 100 लिटर पाणी. लोखंडी भांडं चालत नाही, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं. नंतर कोयत्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस झालं तर चुना कमी पडला. कृषी खात्यातला एकजण म्हणाला होता, कोळेरोगवाली, म्हणजे सुपारी कुजवणारी, ती खरी बुरशी नव्हेच, लांबची भावकी. दादाच्या नाकात मात्र अस्सल निघाली. साखर तीनशेच्या वर, गालाचं हाड ठणकत होतं, नाकातून काळ्या खपल्या. म्युकर, म्हणजे कोविडच्या वेळची ती काळी बुरशी. 2021 नंतर आम्ही तो शब्द विसरूनही गेलो होतो. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन करून सडलेला भाग काढला आणि पुढची इंजेक्शनं घराजवळ म्हणून फोंड्याच्या एका खासगी इस्पितळात घ्यायची ठरली.

आता मुख्य गोष्ट. या औषधाची दोन रूपं आहेत, साधं आणि लायपोसोमल. लायपोसोमलमध्ये औषध चरबीच्या बारीक गोळ्यांत बसवलेलं असतं, म्हणून मूत्रपिंडाला त्रास कमी होतो आणि मात्रा जास्त देता येते. दादाचं वजन 60 किलो, किलोला 5 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 300, म्हणजे सहा व्हायल. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या दुकानात माल नव्हता, म्हणून दुसरीकडून आणला. बिलात एक शून्य कमी. मी मनात म्हटलं, चला, देव पावला.

सिस्टरने खोकं हातात घेतलं, उलटं केलं, खिडकीपाशी नेलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. "काका, हें आमचें न्हय." वरचं नाव तेच, 50 मिलिग्रॅम तेच. फक्त 'लायपोसोमल' हा शब्द नव्हता. साध्याची मात्रा दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर कधीच जाऊ देत नाहीत, म्हणजे दादाला जास्तीत जास्त 90. मी आणलेल्या सहाच्या सहा गेल्या असत्या तर हृदय बंद पडू शकलं असतं, हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. दुकानदाराची चूक होतीच, पण स्वस्त पडलं म्हणून खूश होणारा मीच होतो. त्या दिवसापासून चिठ्ठी आणि खोकं शेजारी धरून मी पोराला मोठ्याने वाचायला लावायचो.

दुसरी भानगड 'सलाईन' या शब्दाची. आपल्याकडे टांगलेली कुठलीही बाटली म्हणजे सलाईन. हे औषध मात्र मिठाच्या पाण्यात घातलं की फाटतं, दुधात लिंबू पडावं तसं. ते फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चालतं. मूत्रपिंडासाठी दादाला आधी मिठाच्या पाण्याची बाटली लावायचे. ती संपली की नळी डेक्स्ट्रोजने धुवून काढायची आणि मगच हे सुरू. वहिनी भडकली, "मधुमेहाच्या माणसाला साखरेचं पाणी?" रास्त प्रश्न होता. 250 मिलिलिटरच्या बाटलीत साडेबारा ग्रॅम साखर जाते. डॉक्टरांनी इन्सुलिन तेवढं वाढवलं आणि वहिनी गप्प झाली, पूर्ण नाही तरी बरीचशी.

तयार करण्याचा सोहळा मला पाठ झालाय. प्रत्येक व्हायलमध्ये 12 मिलिलिटर इंजेक्शनचं पाणी, लगेच अर्धं मिनिट जोरात हलवायचं. पिवळं, धुरकट पाणी होतं, तळाशी एक कण दिसता कामा नये. मग सिरिंजला खोक्यातलाच चिमुकला फिल्टर लावून बाटलीत सोडायचं. त्याच नळीतून दुसरं कुठलंही औषध नाही. पहिल्या दिवशी आधी अगदी थोडंसं दिलं आणि अर्धा तास नुसती वाट पाहिली. पुढे रोज दोन तास. पहिली दहा मिनिटं सिस्टर हलायची नाही, छाती आवळली किंवा पाठीत कळ आली तर तेव्हाच येते म्हणून. चौथ्या दिवशी दादाला हुडहुडी भरली, दोन घोंगड्या घालूनही दात वाजत होते. थेंब कमी केले, ताप उतरवायची गोळी दिली, तासाभरात निवलं.

रक्ताची तपासणी एक दिवसाआड: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाला त्रास झाला की हे वाढतं), पोटॅशियम, मॅग्नेशियम. नवव्या दिवशी पोटॅशियम उतरून 2.9 आणि क्रिएटिनिन चढून 1.6, पायात गोळे. एक दिवस इंजेक्शन थांबवलं. मी घरचे शहाळे घेऊन गेलो, त्यात पोटॅशियम असतं हे वाचलेलं. डॉक्टर म्हणाले, आणा, पण आम्हाला सांगून, आम्ही गोळ्या मोजून देतोय.

साठवणीचं: आमच्या खोक्यावर 2 ते 8 अंश लिहिलेलं. सावईवेऱ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. न्यायला मासळीचा आइसबॉक्स घासूनपुसून घेतला, तरी वास गेलाच नाही. बर्फावर थेट ठेवायचं नाही, गोठलेलं औषध फुकट जातं, म्हणून मध्ये पंचा.

औषधाला पाचपैकी चार. दादा आता माझ्यावर ओरडतो एवढा बरा आहे. एक तारा खोक्याच्या अक्षरांचा कापला: ज्या शब्दावर माणूस जगणार की नाही ते ठरतं, तो इतका बारीक? सिस्टरला पाचपैकी सहा. उरलेल्या दोन व्हायल दुकानाने परत घेतल्या नाहीत, म्हणाले घरच्या फ्रिजमधला माल कोण घेणार. मीही घेतला नसता.