6,679 रुपयांची बिनपाण्याची हजामत

आकडा आधी सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. वस्तरा 3,950. ‘धार लावून पाठवतो’ म्हणून 650. चामड्याचा पट्टा 899. आणि पार्सल निघाल्यावर ‘कस्टम’चे 1,180. एकूण 6,679 रुपये, सगळे यूपीआयने, सगळे आगाऊ.

पेज कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. हिरव्या कापडावर मांडलेले वस्तरे, ‘शेवटचे तीन नग’, खाली कौतुकाच्या कमेंटी. मी काही रील बघून भुलणारा माणूस नाही. तीन-तीन पात्यांच्या रेझरनं मानेवर पुटकुळ्या उठायच्या, केस आतल्या आत वळायचे, म्हणून एका पात्यावर यायचं ठरवलं. सेफ्टी रेझर की सरळ वस्तरा, यावर भरपूर वाचलं. विक्रेत्यालाही पोलाद कुठलं, पात्याची रुंदी किती, सगळं विचारलं. उत्तरं मिनिटात, ‘सर, सर’ करत.

आता ती जागा, जी आठवली की अजून कान तापतात. मी विचारलं, धार किती दिवसांनी लावावी लागेल? ‘सर, जर्मन सोलिंगेन स्टील आहे, आयुष्यभर धार लावायची गरज नाही.’ (सोलिंगेन म्हणजे सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर.) आणि लगेच खाली: ‘सोबत पट्टा घ्या, 899.’ अरे, धार जाणारच नाही तर पट्टा कशाला? वस्तरा दर दाढीआधी पट्ट्यावर फिरवावा लागतो आणि अधूनमधून दगडावर न्यावाच लागतो, हे मी त्याच आठवड्यात वाचलं होतं! त्याच पेजवर ‘1890 चा जिलेट सेफ्टी रेझर’ही विकायला होता. जिलेटचा रेझर बाजारात आला 1903 ला, पेटंट 1904 चं. पण दिवसभर दुकान सांभाळून रात्री साडेअकराला मोबाइल हातात घेतलेला माणूस सनावळ्या तपासतो का? तुम्ही तपासल्या असत्या?

आणि कस्टमचं म्हणाल, तर 5,499 आधीच गेलेले असताना 1,180 साठी कोण मागं हटेल? पार्सलवर पाठवणाऱ्याचं शहर दिल्ली होतं, ते हातात आल्यावर दिसलं.

वस्तरा घेऊन सांगलीच्या खणभागात आमच्या नेहमीच्या काकांकडे गेलो. ते स्वतः अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा वापरतात, गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड. पण वडिलांचा धारेचा दगड अजून जपून ठेवलाय. पाणी टाकून त्यांनी पातं दगडावर आडवं ठेवलं आणि मला वाकून बघायला लावलं. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकायला हवीत, कारण पाठीवरच धारेचा कोन ठरतो. ह्याची दोन टोकं टेकलेली, मधून चक्क उजेड. ‘साहेब, ह्यो वस्तरा न्हाई, वस्तऱ्याचं चित्र हाय,’ म्हणाले. पात्यावर सोलिंगेनच्या स्पेलिंगमधलं एक अक्षरही गायब. जर्मनीत ते नाव 1938 पासून कायद्यानं राखलेलं आहे. त्या भागात न बनलेल्या मालावर ते घालताच येत नाही.

मग सुरू झाला खरा छळ. बँकेत: ‘पिन तुम्हीच टाकलाय ना?’ पोलीस ठाण्यात: ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ तिथल्या एकानं तर विचारलं, ‘एवढा महागाचा वस्तरा कशाला, सलून काढताय काय?’ आणि खोलीभर हशा. अर्ज लिहून दिला तर स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट आणा. आणल्या तर साहेब बंदोबस्ताला. साहेब भेटले तर म्हणे रक्कम लहान आहे. लहान! पावती शेवटपर्यंत दिली नाही, नुसता शिक्का. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागितला. पत्ता असता तर मीच गाडी काढून गेलो नसतो का? कुरिअरवाला म्हणतो आमचा संबंध फक्त खोक्याशी. म्हणजे चोर सोडून सगळ्यांनी माझीच उलटतपासणी घेतली.

आता माझ्यावरून तुम्ही शहाणे व्हा. खोकं फोडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता आणि प्रत्येक टेबलावर तोच मागितला. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढं सरकली की गोठवायला काही उरत नाही. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, 2019 च्या कायद्यानं, आणि पाच लाखांच्या आत फी नाही. खिडकीवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही. पहिल्यांदा दाढी शिकणाऱ्यानं वस्तऱ्याच्या नादी लागूच नये. दुकानात हातात धरून तीन भागांचा सेफ्टी रेझर घ्या. पातं बसवून दोन्ही बाजूंना सारखं डोकावतंय का ते बघा. पितळी म्हणून विकतात तो पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूवरचा मुलामा असतो. ब्लेड दोन-चार रुपयांचं. रेझर दाबायचा नाही, त्याचं वजनच पुरतं.

त्या पेजनं आता नाव बदललंय. कापड हिरवंच, अजूनही ‘शेवटचे तीन नग’, वस्तरा 4,450. कस्टमचं तिथं काही लिहिलेलं नाही. ते पार्सल निघाल्यावर सांगतात.