रंग फास्ट म्हणाले, तो फास्टच गेला

गेल्या एकादशीला दादर पश्चिमेच्या एका दुकानातून गडद निळी सुती साडी घेतली. ब्लाउजपीससकट 1,150 रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणसं भली आहेत. पोत मऊ, काठ ठसठशीत, निऱ्या पहिल्या फटक्यात बसतात. तक्रार आहे ती रंगाची.

मालकांनी चहा मागवला. मी नको म्हटलं, तर पोऱ्या विचारतो, "काकू, आज फास्ट आहे का?" त्यावर मालक, "काकूंचा फास्ट, आपला कलरपण फास्ट!" 32 वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, हसू आलं. तिथेच फसले.

घरी टबात भिजवली. पाच मिनिटांत पाणी दौतीतल्या शाईसारखं. त्याच टबात ह्यांचा पांढरा लेंगा होता (चूक माझीच), तो आता आकाशी झालाय.

खरं तर शब्द मालकांनी बरोबर वापरला होता. फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं. म्हणून न उतरणारा रंग फास्ट, गाढ झोपलेला माणूस फास्ट अस्लीप. उपासाचा फास्टही तिथलाच, नेम घट्ट धरायचा; तो सोडला की ब्रेकफास्ट. पुढे घट्टवरून नेटाने, जोर लावून असा अर्थ आला आणि त्यावरून वेगाने. म्हणजे नाहूर-कांजूरला न थांबता धडाधड जाणारी आपली लोकल आणि जागचा न हलणारा रंग, दोघांना एकच शब्द! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करायचे.

तुम्ही घ्याल तेव्हा पांढरा रुमाल ओला करून पदराच्या आतल्या बाजूला दहा-बारा वेळा चोळा. रुमाल रंगला तर लेबलावर काहीही छापलेलं असो. काळ्या-निळ्या-लाल सुती कापडाला हे करायचंच. मी उपाशीपोटी विसरले.

चार दिवसांनी डोंबिवलीहून फास्ट पकडून साडी परत घेऊन गेले. मालक म्हणाले, "काकू, पहिलं धुणं वेगळंच करायचं असतं." मग हे विकताना का नाही सांगितलं? त्यावर गप्प. पैसे परत नाहीत, पण 200 रुपये वळते करून दिले. त्याचा परकर घेतला. निळाच.

साडीला चार तारे, रंगाला एक.