डॉमिनिका: बीचसाठी नको, डोंगरासाठी जा

आधी एक क्लिअर करतो, हे डॉमिनिकन रिपब्लिक नाही, तिकीट काढताना नीट बघा. कॅरिबियन समुद्रात ग्वाडलूप आणि मार्टिनिक या बेटांच्या मधलं छोटंसं बेट आहे हे. पांढरी वाळू, मोठे रिसॉर्ट वगैरे पाहिजे असेल तर सरळ दुसरं बेट शोधा, इथली वाळू बरीचशी काळी, ज्वालामुखीची, आणि पाऊस कधीही येतो.

आम्ही गेलो ते बॉइलिंग लेकसाठी, म्हणजे डोंगरातलं उकळत्या पाण्याचं तळं. टिटू गॉर्ज या अरुंद घळीपासून चालायला सुरुवात, जाऊन येऊन साधारण 13 किलोमीटर. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना वाटेल त्यात काय एवढं, पण सपाट असं काही नाहीच हो, चढलेलं सगळं पुन्हा उतरायचं, येताना परत तेच उलटं, त्यात चिखल, अख्खा दिवस जातो आणि गुडघे बोलायला लागतात. मग व्हॅली ऑफ डेसोलेशन आली की दाट जंगल एकदम संपतं, गंधकाचा वास, दगडांतून वाफा, कुठे पिवळं कुठे काळं पाणी वाहतंय. इथे पाय कुठे ठेवायचा हे गाइडलाच कळतं, त्यामुळे तिथे पैसे वाचवू नका!! आमच्या गाइडने तिथल्याच उकळत्या पाण्यात अंडी उकडून दिली, मीठ त्याच्या खिशात तयार.

तळं साधारण 60 मीटर रुंद, राखाडी निळं, मधोमध अक्षरशः खदखदतंय. वाफ दाटली की काही दिसत नाही, मग बसून राहायचं, वारा आला की दर्शन. खाली उतरून हात बुडवायचा विचारही नको, कडेलाच पाणी 80-90 डिग्री असतं. परत आल्यावर टिटू गॉर्जच्या गार पाण्यात पोहणं मस्ट, थकवा निम्मा तिथेच उतरतो.

खाण्यात कॅलालू सूप घ्या, अळूच्या पानांचं असतं, आपल्या फदफद्याचा लांबचा भाऊ. व्हेज असाल तर आधी विचारा, खेकडा घालतात कधी कधी.

गाडी डावीकडूनच चालवतात, पण रस्ते अरुंद आणि वळणांचे. आम्हाला भाड्याने मिळालेल्या गाडीचे टायर गुळगुळीत होते, भांडून बदलून घेतली, तुम्हीही बघून घ्या. एअरपोर्टपासून राजधानी रोझोला तासाच्या वर लागतो. फेब्रुवारी ते मे त्यातल्या त्यात कोरडं. तळ्यापर्यंत रोपवे बांधायला घेतलाय, चालत जायचं असेल तर गर्दी वाढायच्या आत जाऊन या.