पायाचा स्प्लिंट: तयार की मापाचा?

पुण्यातल्या धायरीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, त्यात मीही सापडले. आधी जुलाब, दहा दिवसांनी पायाला मुंग्या, आणि मग एका सकाळी गादीवरून उठताच येईना. हातापायांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण माझ्याच प्रतिकारशक्तीने खरवडून काढलं होतं. पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटिबॉडीजचं औषध, चढवलं. हात दोन महिन्यांत पोळी लाटू लागले, पण पावलं मागेच राहिली. कमरेपासून तिथवरची नस सगळ्यात लांब, ती उशिरा सावरते असं फिजिओताई म्हणाल्या. चालताना अंगठा फरशीला घासायचा. म्हणून हा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंट.

आधी ऑनलाइन तयार जोडी मागवली, नऊशे रुपयांची. पैसे वाया गेलेच, वर काठ घोट्याला रुतून फोड आला. पाय बधिर, त्यामुळे मला पत्ताच नाही. मोजा काढताना मुलीने पाहिलं!

मग फिजिओताईंनी सांगितलेल्या दुकानातून मापाचे करून घेतले. त्या दादांनी पाऊल काटकोनात धरून प्लास्टरचा साचा काढला, घोट्याच्या हाडांवर पेन्सिलने खुणा केल्या. आठवड्याने घालून बघितलं तर उजवं हाड टेकत होतं. त्यांनी तिथलं प्लास्टिक हीटगनने तापवून आतून दाबलं, तव्यावर पोळी फुगते तसा फुगवटा आला. तिथेच माझा विश्वास बसला. दोन्ही पायांचे मिळून सात हजार. पहिल्या दिवशी तासभरच घाला, लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर परत या, हेही त्यांनी बजावलं.

आता कुरकुर. बूट एक नंबर मोठा लागतो. नुसता स्प्लिंट घालून फरशीवर गेलात तर घसरलातच, म्हणून स्वयंपाकघरासाठी वेगळे बूट घेतले. ओट्यापाशी बूट सासूबाईंना अजून पटलेले नाहीत. उकिडवं बसता येत नाही. मे महिन्यात आत घामाची धार. व्हेल्क्रोत कणीक जाऊन बसते, ती जुन्या टूथब्रशने झाडते. आणि स्प्लिंटने पायात जोर येत नाही, तो फक्त पाऊल सावरतो. व्यायाम आपल्यालाच करावा लागतो.

पाचात चार. डाव्या पायातला दिवाळीपासून काढून ठेवलाय. उजव्याचा पट्टा परवा तुटला, बॅगा दुरुस्त करणाऱ्याने 40 रुपयांत नवा शिवून दिला.