बायोप्सी की फक्त रक्त? सीलिॲकच्या निदानाचे दोन रस्ते

सीलिॲक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. आमच्या घरात त्याचे दोन पेशंट आहेत: सात वर्षांची लेक आणि मी. तिचं निदान बायोप्सीशिवाय, म्हणजे एंडोस्कोपीची दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा न काढता, फक्त रक्तावर झालं; माझं बायोप्सी करून. त्यामुळे "टीटीजी पॉझिटिव्ह आलंय, आता एंडोस्कोपी करायची का?" असं कुणी विचारलं (टीटीजी ही सीलिॲकसाठीची रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी) की मी आधी दोन गोष्टी विचारते. पेशंटचं वय काय, आणि आकडा किती?

आकड्यासोबत लॅबची नॉर्मलची वरची मर्यादाही बघायची. ती कुठे 20 असते, कुठे 10, कुठे 4. म्हणजे 90 हा आकडा एका रिपोर्टात मर्यादेच्या साडेचार पट, तर दुसऱ्यात बावीस पटीच्या पुढे. लेकीच्या रिपोर्टवर मर्यादा 20 आणि समोर नुसतं '100 पेक्षा जास्त' छापलेलं. पाच पट की पन्नास पट, कळणार कसं? डॉक्टरांनी लॅबला नमुना पातळ करून परत मोजायला लावलं. 340 आलं, म्हणजे सतरा पट.

मुलांसाठी दहा पट ही रेघ महत्त्वाची. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2020 च्या नियमावलीनुसार टीटीजी-आयजीए (आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार) दहा पट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या वेळी काढलेल्या दुसऱ्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटीबॉडी तपासणीसुद्धा पॉझिटिव्ह असेल, तर आईवडिलांशी बोलून बायोप्सी टाळता येते. 2012 च्या नियमावलीत यासाठी लक्षणं आणि एचएलए ही जनुकांची तपासणीही लागायची, ती अट गेली. लेकीला भूल द्यावी लागली नाही, एवढा एकच फायदा माझ्यासाठी पुरेसा होता. मात्र एकूण आयजीए मोजलेलं हवंच. ते मुळातच कमी असेल तर आजार असूनही टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येऊ शकतं.

मोठ्यांचं गणित वेगळं. आतड्यातली अन्न शोषणारी बारीक लव झिजायला आपल्याकडे इतरही कारणं असतात: जिआर्डिया हा परजीवी, ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजार, क्षयसुद्धा. आयुष्यभर गहू सोडायचा तर नेमकं काय झालंय ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं, या मताची मी आहे. अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांची 2023 ची नियमावलीही मोठ्यांसाठी बायोप्सीच धरते. एंडोस्कोपी नको म्हणणाऱ्याला रक्तावर 'बहुधा सीलिॲक' म्हणायची सोय ठेवली आहे, बस. माझं टीटीजी जेमतेम तीन पट होतं, त्यामुळे मला पर्यायच नव्हता.

बायोप्सीतही खोट निघू शकते. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे आणि त्याच्याच पहिल्या फुगीर भागातून एकदोन घ्यायला हवेत. दोनच तुकडे घेऊन 'नॉर्मल' म्हटलं तर त्यावर मी तरी विसंबणार नाही. आतड्याची इजा मार्श या श्रेणीत सांगतात. रिपोर्टात मार्श 3, म्हणजे लव झिजलेली, असेल तर बाजू भक्कम. नुसतं मार्श 1, म्हणजे लव शाबूत, असेल तर गोंधळ कायम, कारण तेवढं इतर कारणांनीही दिसतं.

एचएलए तपासणीवर उगाच पैसे घालू नका. तिच्यात बघतात ते डीक्यू2 किंवा डीक्यू8 हे जनुकांचे प्रकार, ते तीसचाळीस टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. दोन्ही नसतील तर मात्र सीलिॲक जवळजवळ बाद. तिचा खरा उपयोग तेवढाच.

माझी चूक सांगते. लेकीला एकटं वाटू नये म्हणून मीही पोळी सोडली आणि तीन महिन्यांनी स्वतःची तपासणी करायला गेले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गहू बंद असला की टीटीजी उतरतं, आतडंही भरून येऊ लागतं, मग तपासणार काय? परत रोज गहू सुरू करावा लागला. किमान दोन आठवडे दिवसाला 3 ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे ढोबळमानाने एकदीड पोळी, आणि जमलं तर सहाआठ आठवडे. ते दिवस फार वाईट गेले. कुठलाही रस्ता घ्या, तपासण्या पूर्ण होईपर्यंत ताटातली पोळी हलवू नका. आणि घरात एकाला निघालं की आईबाप, भावंडं, मुलं यांचंही रक्त तपासून घ्या, लक्षणं नसली तरी.

पुढचे उपचार दोघींचे सारखेच, औषध नाही, फक्त पथ्य. फरक पडतो तो पाठपुराव्यात. लेकीचं टीटीजी दर काही महिन्यांनी बघतो आणि उतरलं की निश्चिंत होतो. मोठ्यांचं टीटीजी नॉर्मल झालं तरी आतडं भरायला वर्षं लागू शकतात. त्यामुळे माझ्या यादीत हिमोग्लोबिन, डी जीवनसत्त्व आणि हाडांची घनताही असते.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात म्हणून मराठी घरात पथ्य सोपं, असं सगळे म्हणतात. आमचं ज्वारीचं पीठ सहा महिने गव्हानंतर त्याच गिरणीत दळलं जात होतं. ग्लुटेनमुक्त म्हणजे किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत. जात्यात उरलेलं मूठभर गव्हाचं पीठ त्याच्या कितीतरी पुढे जातं. डब्यातल्या हिंगातही बहुतेकदा कणीक किंवा मैदा असतो आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच. आता घरघंटी घेतली आहे. तिच्यात गहू कधीच जात नाही, पाहुण्यांचासुद्धा.