कोटिंग केलेल्या प्लेट्स: माल चोख, माहितीपत्रक कच्चं

फायब्रिनोजेन किंवा फायब्रोनेक्टिन (पेशी ज्यांना चिकटतात अशी प्रथिनं) आधीच लावून येणाऱ्या या ९६ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेट्स. आमच्या लॅबमध्ये रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या एंडोथेलियल पेशी, दोन्हींसाठी वापरल्या. कंपनीचं नाव घेत नाही.

कोटिंगबद्दल तक्रारच नाही. हाताने लावलं की कडेचे वेल हमखास दगा देतात. इथे कडेचा आणि मधला आकडा जुळतो. फायब्रिनोजेनवर तर न डिवचलेल्या प्लेटलेटही मस्त चिकटतात, आणि तसंच व्हायला हवं. द्रावणात तरंगणारं फायब्रिनोजेन पकडायला अल्फा-टू-बी बीटा-थ्री हा इंटेग्रिन (पेशीवरचा पकड घेणारा रिसेप्टर) आधी सक्रिय व्हावा लागतो, पृष्ठभागावर बसलेलं मात्र तो तसाच धरतो. एका प्लेटलेटवर असे सुमारे ८०,००० रिसेप्टर, म्हणून सिग्नल दणदणीत. पेशीचा आतला सांगाडा दाखवणाऱ्या फॅलॉइडिनने रंगवलं की आधी बोटांसारखे फाटे दिसतात, मग मधली जागा भरत पेशी सपाट पसरते.

घोळ आहे तो माहितीपत्रकात. धुवायला साधा फॉस्फेट बफर सांगितलाय, त्यात ना कॅल्शियम ना मॅग्नेशियम! या आयनांशिवाय इंटेग्रिनची पकड टिकत नाही. टायरोड बफर या क्षारद्रावणात दोन्ही घालून धुवा. एंडोथेलियल पेशी म्हणे १० टक्के सीरमच्या माध्यमात टाका. सीरममधलं (रक्तद्रवातलं) व्हिट्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन प्लास्टिकवर जाऊन बसतं, या पेशींवरचा अल्फा-व्ही बीटा-थ्री इंटेग्रिन ते धरतो आणि कोऱ्या वेलही भरून जातात. मग फायब्रोनेक्टिनचे पैसे कशाला मोजायचे? सीरम वगळा, मोकळी जागा अल्ब्युमिनने, म्हणजे पेशी न चिकटणाऱ्या प्रथिनाने, झाका.

सोबत आरजीडी पेप्टाइड (इंटेग्रिनची पकड अडवणारी तीन अमिनो आम्लांची खूण असलेला प्रथिनाचा छोटा तुकडा) आणि तुलनेला आरजीई दिलंय, हे आवडलं. एकच अमिनो आम्ल वेगळं, तरी आरजीईने काही अडत नाही. पण ‘आरजीडीने थांबलं की रिसेप्टर ओळखला’ हे पत्रकातलं वाक्य खोडून टाका. आरजीडी बऱ्याच इंटेग्रिनना अडवतं. शिवाय प्लेटलेट फायब्रिनोजेनला मुख्यतः धरतात ते गॅमा साखळीच्या शेवटच्या १२ अमिनो आम्लांपाशी, आणि तिथे आरजीडी नाहीच. तरीही पेप्टाइडने चिकटणं थांबतं. नेमका रिसेप्टर हवा असेल तर त्या-त्या इंटेग्रिनची अँटिबॉडी वेगळी घ्यावी लागेल.

दर चौरस सेंटिमीटरला प्रोटीन किती, असं विचारलं तर उत्तरादाखल तेच पत्रक पुन्हा आलं. पुढची ऑर्डर फक्त फायब्रिनोजेनच्या प्लेट्सची दिलीय; फायब्रोनेक्टिन आम्ही हातानेच लावतो.