कुळागरात चेनसॉ घ्यायची तर पेट्रोलवाली की बॅटरीवाली

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर (बागायत) आहे, पोफळी, माड, चार-पाच फणस आणि वरच्या अंगाला काजू. सात वर्षं पेट्रोलची चेनसॉ वापरली, गेली दोन वर्षं बॅटरीवाली आहे. गावात कोणी घ्यायला निघालं की मला विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ताकदीत पेट्रोलवालीला तोड नाही. जुना आंबा आडवा झालाय आणि बुंधा कापायचाय, तिथे बॅटरीवाली तापून आपणहून बंद पडते, मग ती गार होईपर्यंत बसून राहायचं.

बारीक बिघाड म्हणाल तर निम्मे दोन्हींत सारखेच. मशीन ओढत नाही म्हणून लोक इंजिनाला नाहीतर बॅटरीला दोष देतात आणि असते चेन बोथट. भुशाकडे बघा, कपच्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुगा पडला की कानस काढायची. लहान चेनला बहुतेक 4 मिमीची गोल कानस लागते, 30 अंशात धरायची आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच हात मारायचे, नाहीतर काप एका अंगाला वळतो. बॅटरीवालीची बॅटरी आधी काढून ठेवायची हे विसरू नका. माडाचं खोड कापलं की चेनची धार लवकर जाते, आणि फणसाचा चीक बारच्या, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या, खाचेत भुशासकट असा बसतो की तेलच पुढे जात नाही. बार काढून रॉकेल लावायचं, खाच पातळ पत्र्याने खरवडायची, तेलाचं भोक तारेने मोकळं करायचं. मग बारचं टोक जुन्या पेपरवर धरून चेन पळवायची, पेपरवर तेलाची रेघ उमटली की समजायचं काम झालं. चालूच होत नाही म्हणून एकाने माझ्याकडे नवी बॅटरीवाली आणली होती, बघतो तर चेन अडवून धरणारा पुढचा चेन ब्रेक लागलेला.

आता मला बदलायला लावलं ते सांगतो. जूनच्या पहिल्या वादळात फणसाची मोठी फांदी आमच्या वाटेवर पडली, शेजारच्या काकांना सकाळी दवाखान्यात न्यायचं होतं आणि मशीन काही केल्या चालू होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. प्लग काढला तर कोरडा. ओला असता तर पेट्रोल जास्त झालंय, चोक न लावता चार वेळा दोरी ओढली की निघून जातं, पण कोरडा म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. शेवटी कोयता आणि हातकरवतीने वाट मोकळी केली, दीड तास गेला. दुपारी पडवीत कार्बोरेटर उघडला, आतल्या नखाएवढ्या जाळीवर चिकट पिवळट थर आणि डायफ्रामचं, म्हणजे आतल्या पातळ पडद्याचं, रबर वाळल्या पापडासारखं कडक. मार्च-एप्रिलला काजूच्या फांद्या छाटून झाल्यावर टाकीत राहिलेलं ऑइल-पेट्रोल तिथेच सुकलं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल आपल्याकडे कमी नाही. उपाय सोपा आहे, काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची. मी ते करू लागलो, तरी पुढे एका वर्षी राहून गेलं आणि पुन्हा डायफ्राम किट, पुन्हा तोच खटाटोप. त्यातून पावसाच्या तोंडाला मेकॅनिककडे आधीच रांग असते.

बॅटरीवाली निर्दोष आहे असं नाही हं. आतलं सर्किट गेलं तर घरी काही करता येत नाही, बॅटरी काही वर्षांनी उतरणारच आणि नवी महाग पडते. ओल्या हवेत तिचे पॉइंट काळे पडतात, कोरड्या फडक्याने पुसत राहावं लागतं, आणि धो धो पावसात मी ती बाहेर काढत नाही, सर थांबायची वाट बघतो. पण महिनोन्महिने पडून राहिली तरी हाताला लगेच चालू होते, वर्षातून आठ-दहा वेळाच काम पडणाऱ्या माझ्यासारख्याला एवढंच हवं होतं.

आठवड्याला लाकडं कापणारे असाल तर पेट्रोलवालीच घ्या, तुमच्या टाकीत पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळणार नाही. बाकीच्यांनी, मला वाटतं, बॅटरीवाली बघावी, मात्र दोन बॅटऱ्या घ्या आणि मे संपायच्या आत दोन्ही भरून ठेवा, कारण वादळात फांदी पडते त्याच रात्री लाईटही जाते.